प्रोग्रॅमच्या हातून टपालपेटी उघडताना

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या मंडळाचे लहानसे कार्यालय आहे आणि मंडळाचा एकच सामायिक ईमेल पत्ता आहे. व्याख्यानमालेची नोंदणी, गणेशोत्सवातल्या स्पर्धांचे अर्ज, देणगीदारांची पत्रे, सभागृहाच्या भाड्याच्या पावत्या, असे सगळे त्या एकाच पेटीत येऊन पडते. चिटणीस मावशी, खजिनदार काका आणि मी असे तिघे जण ती पेटी आपापल्या यंत्रावरून पाहतो, आणि ठळक अक्षरांत दिसणारे, म्हणजे न वाचलेले पत्र हीच आमची कामाची यादी असते. दोन वर्षांपूर्वी पावत्या आपोआप वेगळ्या काढणारा एक प्रोग्रॅम मी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला, रविवारी रात्री चालवून पाहिला, आणि सोमवारी सकाळी मावशींचा फोन आला. “अरे, पेटीत एकही ठळक पत्र दिसत नाही. रात्रीतून सगळी कोणी वाचून काढली?” वाचली कोणीच नव्हती. माझ्या प्रोग्रॅमने प्रत्येक पत्र तपासण्यासाठी उघडले होते आणि सर्व्हरने, म्हणजे पेटी जेथे साठवलेली असते त्या दूरच्या संगणकाने, त्याची इमानेइतबारे नोंद केली होती. त्यातल्या कोणत्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले आहे हे शोधून काढायला आम्हा तिघांचा आठवडा गेला.

ती चूक मला आजही टोचते, आणि तशी ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे. ईमेलची पेटी प्रोग्रॅममधून हाताळणे हे काम तसे अवघड नाही. पायथॉन शिकायला लागून महिना झालेल्या विद्यार्थ्यालाही दहा-बारा ओळींत पेटी उघडून पत्रे मोजता येतात. अवघड आहे ते हे सतत ध्यानात ठेवणे, की प्रोग्रॅम ज्या पेटीला हात लावतो ती नक्कल नसून अस्सल आहे आणि ती एकट्या आपली असेलच असे नाही. पुढे येणारे क्रमांक, खुणा आणि खबरदाऱ्या या एका गोष्टीतून निघतात. आज्ञांची नावे प्रत्यक्ष लिहिताना अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात. येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

पेटीपर्यंत पोहोचण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत, पॉप आणि आयमॅप. पॉपची कल्पना टपालासारखी आहे: पत्र सर्व्हरवरून आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायचे आणि पुढचे सगळे आपल्या यंत्रावर करायचे. आयमॅपची कल्पना वेगळी आहे, आणि बडोद्याच्या वाचकाला ती समजावायला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाइतके सोयीचे उदाहरण मला सुचत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभारायला घेतली, तेव्हापासून या शहराला पुस्तकांचे दोन प्रकार चांगले ठाऊक आहेत. एक घरी न्यायचे पुस्तक, आणि दुसरा तिथेच बसून वाचायचा संदर्भग्रंथ. पॉप म्हणजे घरी नेलेले पुस्तक. आयमॅप म्हणजे संदर्भ विभागातला ग्रंथ. तो जागचा हलत नाही, दहा वाचक तोच ग्रंथ पाहतात, आणि एकाने समासात पेन्सिलीने खूण केली तर ती पुढच्या नऊ जणांना दिसते. आयमॅपची पहिली आवृत्ती मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. आज सर्वत्र वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचे नियम २००३ साली नव्याने लिहिले गेले आणि त्यांची सुधारित मांडणी ऑगस्ट २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. घरी फोनवर वाचलेले पत्र कचेरीतल्या संगणकावरही वाचलेले दिसते, ही सोय आयमॅपमुळेच आहे, आणि आमचा तो सोमवारही त्याच सोयीची दुसरी बाजू होता.

पायथॉनसोबत आयमॅपलिब नावाची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, येतो. वेगळी उतरवून घ्यावी लागत नाही. पिअर्स लॉडर यांनी ती १९९७ साली लिहिली आणि तेव्हापासून ती भाषेच्या मूळ संचातच आहे. ही लायब्ररी करते काय, तर सर्व्हरशी साध्या मजकुराच्या ओळींत चालणारे संभाषण आपल्या वतीने सांभाळते. आपला प्रोग्रॅम प्रत्येक आज्ञेच्या आधी एक लहानसा टोकन-क्रमांक लिहितो, समजा ए००३, आणि पुढे म्हणतो “सिलेक्ट इनबॉक्स”. सर्व्हर आधी तारांकित ओळी पाठवतो: पेटीत इतकी पत्रे आहेत, या खुणा चालतात, पुढच्या येणाऱ्या पत्राला अमुक क्रमांक मिळेल. शेवटी तोच टोकन-क्रमांक लिहून तो “ए००३ ओके” असे म्हणतो, आणि तेव्हा ती आज्ञा पूर्ण झाली असे समजायचे. बँकेत टोकन हातात घेऊन बसावे आणि आपला आकडा पुकारला की उठावे, तसे. टोकन लावणे, तारांकित ओळी गोळा करणे, लांबलचक मजकूर नेमका कुठे संपतो ते मोजणे, ही सगळी उस्तवार लायब्ररीच्या पोटात राहते आणि आपल्या हाती दोन गोष्टी येतात: एक निकाल, आणि एक माहितीची यादी.

त्या निकालाकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. फोल्डरचे नाव चुकले तर आयमॅपलिब आरडाओरड करत नाही. निकालात “ओके”ऐवजी “नो” येते आणि प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जातो. मग दोन पावले पुढे शोधाची आज्ञा “या अवस्थेत चालत नाही” अशी तक्रार येते आणि माणूस शोधाच्या ओळीत चूक हुडकत बसतो. प्रत्येक आज्ञेनंतर निकाल तपासण्याची ओळ लिहावी, कंटाळा आला तरी लिहावी.

पेटीत शिरण्याचा दरवाजा दोन प्रकारचा असतो. १४३ क्रमांकाच्या पोर्टवर संभाषण उघडे सुरू होते, तर ९९३वर ते पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद असते. नव्या कामासाठी दुसराच घ्यावा. मात्र येथे एक बारकावा आहे, जो बहुतेक पाठांत सांगितलेला नसतो. आयमॅपलिबला आपण सुरक्षिततेचा संदर्भ, म्हणजे जोडणी कशी पडताळायची याच्या सूचना, स्वतः तयार करून दिला नाही, तर ती संभाषण कुलूपबंद करते खरी, पण समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे का, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून पडताळत नाही. पायथॉनच्या एसएसएल विभागातून नेहमीचा संदर्भ तयार करून जोडणीच्या वेळी देणे एका ओळीचे काम आहे, आणि पासवर्ड नेमका कोणाच्या हाती जातो ते त्या एका ओळीवर ठरते. त्याच जागी वेळमर्यादाही द्यावी, पायथॉन ३.९पासून ती सोय आहे आणि नसली तर अडकलेल्या जोडणीवर प्रोग्रॅम तासन्‌तास ताटकळतो.

पासवर्डबद्दल थोडे. आपण ब्राउझरमध्ये जो नेहमीचा पासवर्ड टाकतो तो प्रोग्रॅममध्ये घातला की पुष्कळ ठिकाणी आता दरवाजा उघडत नाही, आणि त्यात प्रोग्रॅमची चूक नसते. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती पद्धत ३० मे २०२२ रोजी बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज ऑनलाइन सेवेत १ ऑक्टोबर २०२२पासून ती बंद करायला सुरुवात केली. जीमेलवर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा स्वतंत्र ॲप पासवर्ड काढता येतो आणि तो एकट्या त्या प्रोग्रॅमला देता येतो. मुख्य पासवर्ड बदलला की हे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे मात्र आधीच माहीत असलेले बरे. दुसरा मार्ग ओऑथचा: त्यात पासवर्ड न देता मर्यादित मुदतीचा परवाना मिळवायचा असतो. तो मांडायला जास्त श्रम पडतात, पण संस्थेच्या कामासाठी तोच योग्य आहे. कोणताही मार्ग घ्या, पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवू नये. तो प्रोग्रॅम उद्या कोणाला तरी ईमेलनेच पाठवला जातो.

आता पेटी उघडण्याची आज्ञा. सिलेक्ट या आज्ञेने फोल्डर लिहिण्यायोग्य उघडतो. त्यातच “रीडओन्ली” ही सूचना दिली, तर आयमॅपलिब सर्व्हरला सिलेक्टऐवजी एक्झॅमिन ही आज्ञा पाठवते आणि फोल्डर केवळ पाहण्यापुरता उघडतो. मग प्रोग्रॅममध्ये पुढे कितीही चुका असल्या, तरी पेटीतली एकही खूण बदलत नाही. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये हा एक शब्द असता तर मावशींचा तो फोन आला नसता. नवा प्रोग्रॅम पहिला आठवडाभर असाच चालवावा, त्याने काय काय केले असते ते कागदावर छापून घ्यावे, आणि ते माणसाने वाचून पाहिल्यावरच लिहिण्याची परवानगी द्यावी.

पत्र ओळखायचे कसे, हा आयमॅपमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि येथे ग्रंथालयाची उपमा पुन्हा उपयोगी पडते. कपाटात डावीकडून पाचवे पुस्तक, ही एक ओळख झाली. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा दाखल क्रमांक ही दुसरी. आयमॅपमध्येही पत्राला असे दोन क्रमांक असतात. एक अनुक्रमांक, म्हणजे फोल्डरमधली आजची जागा, आणि दुसरा यूआयडी, म्हणजे दाखल क्रमांक. कपाटातले पाचवे पुस्तक काढून टाकले की सहावे सरकून पाचवे होते. समजा प्रोग्रॅमने ५, ६ आणि ७ या अनुक्रमांकांची पत्रे काढायचे ठरवले आणि ती एकेक करून काढली. पाचवे गेल्याबरोबर मूळचे सहावे पाचव्या जागी येते, आणि आपण “सहावे” म्हणून ज्याला हात घालतो ते मूळचे सातवे असते. शेवटी मूळचे सहावे जागेवरच राहते आणि ज्याचा काही संबंध नव्हता ते नववे पत्र नाहीसे होते. दाखल क्रमांकाचे तसे नाही. तो चढत जातो, एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या पत्राला मिळत नाही, आणि मधली पत्रे गेली तरी बाकीच्यांचे क्रमांक ढळत नाहीत. म्हणून आयमॅपलिबमध्ये साध्या सर्च (शोधणे), फेच (पत्र आणणे), स्टोअर (खूण करणे) या आज्ञा थेट न वापरता यूआयडी या मार्गाने त्या द्याव्यात. मी तर म्हणेन की अनुक्रमांक विसरूनच जावा.

दाखल नोंदवहीच नव्याने लिहिली गेली तर काय? फोल्डर पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केला, किंवा पेटी एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे हलवली, तर असे होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक फोल्डरला यूआयडी-व्हॅलिडिटी नावाचा एक आकडा असतो, नोंदवहीच्या आवृत्तीसारखा. प्रोग्रॅमने आदल्या दिवशी “४८१२पर्यंत पाहून झाले” असे टिपून ठेवले असेल, तर त्याच्या शेजारी हा आकडाही टिपावा. आज तो बदललेला आढळला तर जुने टिपण फेकून द्यावे आणि सुरुवातीपासून मोजावे.

शोधाची आज्ञा समृद्ध आहे. न वाचलेली, अमुक पत्त्यावरून आलेली, विषयात अमुक शब्द असलेली, अमुक तारखेपासूनची, अशा अटी एकत्र देता येतात आणि शोधण्याचे काम सर्व्हर करतो; आपल्याकडे फक्त क्रमांक येतात. तारीख मात्र एकाच साच्यात लिहावी लागते: दिवस, मग महिन्याचे तीन अक्षरी इंग्रजी नाव, मग चार आकडी वर्ष, मध्ये आडव्या रेघा. यंत्राची भाषा मराठी ठेवली असेल आणि महिन्याचे नाव यंत्राच्या भाषेतून काढले, तर सर्व्हर ते नाकारतो. शिवाय सिन्स ही अट पत्र सर्व्हरवर दाखल झाल्याचा दिवस पाहते, पत्रावर लिहिलेली तारीख नव्हे. त्यासाठी सेंटसिन्स ही वेगळी अट आहे. दोन्हींत वेळ पाहिली जात नाही, केवळ दिवस पाहिला जातो.

मराठी शब्द शोधायचा तर काम थोडे वाढते. शोध यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीत, आहे असे सर्व्हरला सांगावे लागते आणि शब्द बाइटच्या, म्हणजे त्या आकड्यांच्या रूपात वेगळा द्यावा लागतो. आयमॅपलिबमध्ये त्यासाठी लिटरल नावाची जागा आहे. आणि तरीही शब्द सापडेलच असे नाही, याचे कारण आपल्या लिपीतच आहे. “दुसऱ्या” हा शब्द घ्या. त्यातला आडवा रफार काही कळफलक ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, तर काही साध्या र-ला हलंत देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले बाइट वेगळे असतात, आणि सर्व्हर बाइट पाहतो. आमच्याकडे “दुसऱ्या व्याख्यानाची नोंदणी” या विषयाची निम्मी पत्रे शोधात येत नव्हती ती यामुळे. त्यावर मी शोधलेला उपाय असा, की सर्व्हरकडे फक्त तारखेची आणि पत्त्याची अट द्यायची, आलेल्या पत्रांचे विषय आपल्याकडे एकाच रूपात आणायचे, आणि शब्दाची तुलना आपल्या प्रोग्रॅममध्ये करायची. मराठी पत्रांसाठी मला दुसरा भरवशाचा मार्ग दिसत नाही.

यानंतर पत्र आणणे, म्हणजे फेच, आणि माझी मूळ चूक. बॉडी असे मागितले तर सर्व्हर पत्र देतो आणि त्यावर सीन, म्हणजे वाचल्याची खूण करतो. बॉडी-पीक असे मागितले तर पत्र तेच मिळते, पण खूण होत नाही. अनेक पाठांत आरएफसी-८२२ या जुन्या नावाने पत्र मागितलेले असते. तेही खूण करणारेच आहे, आणि मी तेच जसेच्या तसे उतरवले होते. आणखी एक: अख्खे पत्र मागण्याची गरज क्वचितच असते. पाठवणारा, विषय आणि तारीख पाहून पत्र पावतीचे आहे की नाही ते ठरत असेल, तर शीर्षभागातल्या तेवढ्याच ओळी मागता येतात. बॉडीस्ट्रक्चर मागितले तर पत्रात कोणते भाग आहेत, कोणता भाग पीडीएफ आहे आणि किती मोठा आहे, याचा आराखडा मिळतो, आणि मग फक्त तो भाग आणता येतो. लग्नाच्या फोटोंचे वीस एमबीचे पत्र पावती शोधण्यासाठी उतरवत बसू नये.

हाती आलेला विषय मात्र मराठीत दिसत नाही. शीर्षभाग मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेला असल्याने बाकी लिप्या बेस-६४ या पद्धतीने रोमन वेषात पाठवल्या जातात, आणि त्या वेषाकडे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. “पावती” या शब्दात संगणकाच्या हिशेबी पाच चिन्हे आहेत: प, काना, व, त आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे पंधरा बाइट झाले. बेस-६४ दर तीन बाइटांची चार अक्षरे करते, म्हणजे वीस अक्षरे, आणि योगायोगाने एकेका चिन्हाचा एकेक नेटका चौकडा होतो. देवनागरीचा प्रत्येक चौकडा ४, के आणि त्यापुढे मोठ्या लिपीतला एस किंवा डब्ल्यू असा सुरू होतो; आमच्या पेटीत निम्मी पत्रे गुजरातीत असतात आणि त्यांचे चौकडे ४, के आणि लहान लिपीतला क्यू किंवा यू असे सुरू होतात. त्यामुळे पहिल्या शब्दाचा कच्चा मजकूर पाहूनही पत्र मराठी की गुजराती ते कळते. पुढे मोकळी जागा आली की ती एकाच बाइटची असल्याने चौकडे सरकतात आणि ही ओळख पुसट होते.

या वेषाची एक मर्यादा अशी की त्याचा एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा असू शकत नाही. वेष्टनाची १२ अक्षरे वजा केली तर मजकुराला ६३ उरतात, त्यांत पूर्ण चौकड्यांची ६० बसतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम १५ चिन्हे. “वसंत व्याख्यानमालेच्या नोंदणीबाबत” एवढा विषयही तीन तुकड्यांत येतो. नियमाप्रमाणे तुकडा अक्षराच्या मधोमध पाडायचा नसतो, पण काही प्रोग्रॅम तो पाडतात, आणि मग एकेक तुकडा सुटा वाचायला गेले की कडेची अक्षरे चौकोन होऊन बसतात. पायथॉनच्या ईमेल या लायब्ररीला पत्र वाचताना “डिफॉल्ट” नावाचे धोरण दिले, तर विषय, नावे आणि जोडलेल्या फाइलींची नावे ती बहुतेक वेळा स्वतःच नीट जुळवून मराठीत देते. हे धोरण न देता लिहिलेल्या जुन्या उदाहरणांत डीकोड-हेडरची लांबण लावलेली दिसते. ती आता उगाच उतरवू नये.

फोल्डरांची नावे हा आणखी वेगळा वेष आहे. “पावत्या” नावाचा फोल्डर यादीत अँड चिन्हाने सुरू होणारे आणि आडव्या रेघेने संपणारे एक अगम्य नाव घेऊन येतो, कारण तेथे यूटीएफ-७ची बदललेली आवृत्ती चालते. आयमॅपलिब ते उलगडून देत नाही, आणि नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हेही आपणच लावावी लागतात. हे सगळे नको असेल तर मेनो स्मिट्स यांची आयमॅपक्लायंट ही लायब्ररी घ्यावी. ती आयमॅपलिबच्याच पायावर उभी आहे, फोल्डरांची नावे सरळ देते, मुळातच दाखल क्रमांकांनी काम करते, आणि निकाल बिघडला की गप्प न बसता चूक दाखवते. शिकण्यासाठी आयमॅपलिब आणि रोजच्या कामासाठी आयमॅपक्लायंट, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

पत्र काढून टाकणे दोन टप्प्यांचे असते. आधी त्यावर डिलीटेड ही खूण करायची, आणि मग एक्स्पंज ही आज्ञा दिली की खूण असलेली पत्रे कायमची जातात. “खूण असलेली” या शब्दांत धोका आहे. खूण आपण केली की दुसऱ्या कोणी, हे एक्स्पंज पाहत नाही. काकांनी त्यांच्या संगणकावर एखाद्या पत्रावर खूण करून ठेवली असेल आणि ते पुसायचे की नाही याचा विचार अजून चालू असेल, तर माझ्या एक्स्पंजने तेही जाईल. सर्व्हर यूआयडीप्लस हा विस्तार पाळत असेल तर ठराविक दाखल क्रमांकांपुरते एक्स्पंज करता येते, तेच करावे. दुसरा धोका त्याहून लपलेला आहे: काम संपल्यावर सभ्यपणे दिलेली क्लोज ही आज्ञा, फोल्डर लिहिण्यायोग्य उघडलेला असेल तर, जाता जाता खूण असलेली सगळी पत्रे पुसून टाकते. अनसिलेक्ट तसे करत नाही, आणि पायथॉन ३.९पासून आयमॅपलिबमध्ये ती आहे. जीमेलवर तर गोष्ट अजून निराळी, कारण तेथले फोल्डर म्हणजे खरे तर लेबले आहेत. मूळची मांडणी बदलली नसेल तर एका फोल्डरमधून पुसलेले पत्र सर्व पत्रांच्या साठ्यात राहतेच, आणि खरोखर काढायचे तर ते कचऱ्याच्या फोल्डरमध्ये हलवावे लागते. हलवण्यासाठी २०१३ साली मूव्ह ही स्वतंत्र आज्ञा आली. त्याआधी नक्कल करा, खूण करा, पुसा अशी तीन पावले होती आणि मध्येच जोडणी तुटली तर पत्र दोन ठिकाणी उरायचे.

नवे पत्र आल्याबरोबर कळावे यासाठी दर मिनिटाला पेटी उघडून पाहण्याची गरज नाही. आयडल ही आज्ञा दिली की सर्व्हर स्वतः कळवतो. सर्व्हरने निवांत जोडणी अर्धा तास तरी तोडू नये असा नियम असल्याने ती आज्ञा २९ मिनिटांच्या आत पुन्हा द्यायची असते. आयमॅपलिबमध्ये आयडल पायथॉन ३.१४पासून आले, आयमॅपक्लायंटमध्ये आधीपासून आहे. पण लहान संस्थेच्या कामाला दिवसातून दोनदा पेटी पाहणे पुरेसे असते, आणि जोडण्या जितक्या कमी तितके बरे. जीमेल एका खात्याला एका वेळी पंधराच जोडण्या देते, आणि त्यांत तिघांचे फोन आणि संगणकही मोजले जातात.

आमचा प्रोग्रॅम आता रोज सकाळी सहा वाजता इनबॉक्स केवळ पाहण्यापुरता उघडतो, आदल्या दिवसापासूनच्या पत्रांचे विषय आणि पाठवणारे बॉडी-पीकने आणतो, आणि पावती वाटणाऱ्या पत्रांची यादी दाखल क्रमांकासह काकांना पाठवतो. काका यादी पाहून “हो” असे उत्तर देतात. संध्याकाळी प्रोग्रॅम फोल्डर लिहिण्यायोग्य उघडतो, नोंदवहीची आवृत्ती सकाळचीच आहे ना ते ताडून पाहतो, आणि होकार आलेली तेवढी पत्रे “पावत्या”मध्ये हलवतो. वाचल्याच्या खुणेला तो कुठेही हात लावत नाही; ठळक असलेले पत्र नव्या फोल्डरमध्येही ठळकच जाते आणि ते काका उघडतात.